पोळ्यांना बोलावलं तर चालेल का? (असायलमच्या हॉटेलातली मैत्रीण, लेस्टर, इंग्लंड)

सातारची_सून:
मुलाच्या वर्गात इरिट्रियाचा एक मुलगा आहे. तो, त्याची आई आणि धाकटी बहीण सात महिने असायलमवाल्यांच्या (देशात आश्रय मागणाऱ्यांना सरकार ठेवतं त्या) हॉटेलात, एका खोलीत. वाढदिवसाला बोलावलं, आले नाहीत. पुन्हा बोलावलं तर म्हणाली, मुलाला बरं नाही. दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेत टुणटुणीत! शेवटी फाटकाशी तिनेच हळूच सांगितलं: बसभाडं, वर रिकाम्या हाताने कसं यायचं.

मागच्या रविवारी मीच गाडीतून घेऊन आले. आंबोळ्या केल्या होत्या. पहिला घास घेतला आणि तिचे डोळेच भरले. त्यांचा इंजेरा असाच, आंबूस, जाळीदार. हॉटेलात चूल नाही, येईल ते पाकीटबंद खायचं. मग न विचारता उलथनं घेतलं आणि उरलेलं सगळं पीठ तिने संपवलं.

मला तशीही पोळ्यांना कुणीतरी हवंय. आठवड्यातून दोनदा बोलावून तासाचे रीतसर पैसे दिले तर? बाई मानी आहे, फुकट काही घ्यायची नाही. आणि सरकार तिला देतं तरी किती?

जुना_डार्बीकर:
ताई, पैसे देऊन अजिबात बोलावू नका. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिला काम करता येत नाही. बारा महिने उलटले आणि उशीर तिच्यामुळे झालेला नसेल तर परवानगी मागता येते, तीही ठरावीक यादीतल्या कामांपुरती. त्या यादीत पोळ्या नाहीत. परवानगी नसलेल्याला कामावर ठेवलं तर पहिल्याच खेपेला ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि तिची केस बिघडेल ते वेगळंच.

जेवण देणाऱ्या हॉटेलात माणशी आठवड्याला ९.९५ पौंड, अ‍ॅस्पेन कार्डावर (सरकार पैसे भरतं ते कार्ड). तिघांचे मिळून तीसही नाहीत. बसच्या एका फेरीला ३ पौंडांपर्यंत तिकीट, म्हणजे तुमच्याकडे येऊन-जाऊन तिच्या एकटीच्या दहातले सहा गेले. पुढे स्वयंपाकघर असलेल्या घरात हलवलं तर माणशी ४९.१८, पण त्यात जेवण, कपडे, फोन, सगळं आलं. गावही आपण निवडायचं नाही, देतील तिथे जायचं. पोरांची शाळा सुटते, मैत्री सुटते. फूड बँकेत सहा वर्षं हेच बघतोय.

व्हिसावाला७२:
आम्ही वर्षाला १,०३५ पौंड नुसता व्हिसासोबतचा आरोग्य सरचार्ज भरला. यांना हॉटेल फुकट. जरा तेही बोला.

जुना_डार्बीकर:
मीही भरलाय, राग समजतो. पण हॉटेलाचं बिल तिच्या कार्डावर येत नाही, कंत्राटदाराला जातं. या निवासाच्या कंत्राटांचा दहा वर्षांचा अंदाज आधी ४.५ अब्ज पौंड होता, तो १५.३ अब्जांवर गेला. भांडायचं तर तिथे भांडा.

ब्रॅडफर्डची_मावशी:
पोळ्या नाहीत, पण एखाद्या नोंदणीकृत चॅरिटीत ती विनामोबदला काम करू शकते. आमच्याकडच्या सामुदायिक स्वयंपाकघरात अशा तिघीजणी यायच्या. गाडीभाडं चॅरिटी द्यायची, ते चालतं. रोख रक्कम दर महिन्याला हातावर ठेवू नका, ती कळवावी लागते. मुलांचे बूट, कोट, घरी जेवायला बोलावणं, यात संकोच नको.

आणि आतापासून एक ध्यानात ठेवा. खरी धावपळ ‘हो’ आल्यावर सुरू होते. मी सोबत केलेल्या कुटुंबाला मंजुरीनंतर हॉटेल सोडायला २८ दिवस मिळाले. युनिव्हर्सल क्रेडिटचा (सरकारी भत्त्याचा) पहिला हप्ता यायला पाच आठवडे, म्हणजे ३५ दिवस. मधे बँकेत खातं उघडायचं, डिपॉझिटशिवाय घर शोधायचं. त्या बाईने पेढ्याऐवजी माझ्याकडे रिकामी खोकी मागितली होती. अशा वेळी काउन्सिलच्या खिडकीशी तुमच्या मैत्रिणीबरोबर इंग्रजी बोलणारं कुणीतरी उभं राहायला हवं. ते तुम्ही करा.

सातारची_सून:
बरं झालं विचारलं. ४५,००० वाचून नवऱ्याने स्वतः लाटणं हातात घेतलंय, नकाशे लाटतोय.

रविवारी पुन्हा आणते तिघांना. ती म्हणते पीठ ती भिजवणार, तीन दिवस आधीपासून, तेही माझ्या घरी. लेस्टरमध्ये टेफचं (इंजेऱ्याच्या धान्याचं) पीठ कुठल्या दुकानात मिळतं, कुणाला माहीत आहे का?