१८ महिन्यांसाठी इंग्लंडला जाताना कुटुंबासाठी गाडीची सोय कशी करावी?

नमस्कार,

आम्ही बडोद्याचे, कारेलीबागेत राहणारे. माझ्या कंपनीने मला येत्या जानेवारीपासून १८ महिन्यांसाठी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे पाठवण्याचे ठरवले आहे. मी जानेवारीत एकटी जाईन आणि मुलांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या की एप्रिलअखेर माझे पती दोन्ही मुलांना घेऊन येतील. मुलगा सात वर्षांचा आहे, मुलगी तीन वर्षांची. सासू-सासरे बडोद्यातच राहणार आहेत. व्हिसा आणि घर यांची कामे मार्गी लागली आहेत. अडले आहे ते फक्त गाडीपाशी, तिथल्याही आणि इथल्याही, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

तिथे बसने फिरायची आमची तयारी आहे. परंतु वर्षाच्या मध्येच पोहोचल्यावर कौन्सिल (तिथली स्थानिक नगरपालिका) जिथे जागा शिल्लक असेल त्या शाळेत मुलाला प्रवेश देते, आणि मुलीची नर्सरी त्याच बाजूला मिळेल याची खात्री नाही. सकाळी दोन मुलांना दोन दिशांना सोडून मला वेळेवर कामावर पोहोचायचे असेल, तर गाडीवाचून निभाव लागेल असे वाटत नाही.

पहिली अडचण लायसन्सची आहे. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये गाडी चालवता येते, पण तिथे राहायला आल्याच्या दिवसापासून फक्त १२ महिने. मध्ये सुटीला बडोद्याला येऊन गेल्यास ही मुदत नव्याने सुरू होते असे मला दोघातिघांनी सांगितले, पण तिथे वास्तव्य कायम असताना तसे होत नाही. आपल्या लायसन्सची तिथे थेट अदलाबदल होत नाही, म्हणजे प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स काढून लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. माझी मुदत पुढच्या जानेवारीत संपेल. पती तीन-साडेतीन महिने उशिरा येत असल्याने त्यांची एप्रिलअखेर संपेल. म्हणजे मधल्या काळात निदान एकाला तरी गाडी चालवता येईल, परंतु शेवटचे दोन महिने, ऐन परतीच्या बांधाबांधीत, दोघांपैकी कोणालाच येणार नाही. तेव्हा भाड्याची गाडीही उपयोगाची नाही, कारण तिलाही लायसन्स लागतेच.

म्हणून मी गेल्या गेल्या प्रोव्हिजनल लायसन्ससाठी अर्ज करण्याचे ठरवले आहे. लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ प्रश्न बरोबर यावे लागतात आणि धोका ओळखण्याच्या चित्रफितींमध्ये ७५ पैकी ४४ गुण लागतात. तो अभ्यास मी इथूनच सुरू केला आहे. प्रत्यक्ष परीक्षेची तारीख मात्र कित्येक महिने मिळत नाही असे सर्वजण सांगतात. बारा वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाला तिथल्या शिक्षकाकडे साधारण किती धडे घ्यावे लागतात? आपल्याकडच्या कोणत्या सवयी परीक्षेत आड येतात? आणि एक प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे: परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर मिळणारे लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचेच असते. आम्ही दोघेही गिअरची गाडी चालवत आलो आहोत. तिथे गिअरच्या जुन्या गाड्या स्वस्त मिळतात, पण चौकाचौकातल्या राउंडअबाउटवर ऑटोमॅटिक सोपी जाते असे ऐकते. आपण काय निवडले आणि का, हे कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न गाडी कशी घ्यावी याचा. लीजचे करार बहुधा २४ महिन्यांपासून पुढे असतात, शिवाय तिथला पतइतिहास मागतात, जो नव्याने आलेल्या माणसाकडे नसतोच. करार मध्येच मोडला तर उरलेल्या भाड्याचा मोठा हिस्सा भरावा लागतो. विमा आणि देखभाल यांसह महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांची चौकशी केली, तेव्हा दोन ठिकाणी ब्रिटिश लायसन्सची अट निघाली. त्यामुळे ६,००० ते ७,००० पौंडांत जुनी पेट्रोल गाडी घेऊन निघताना विकावी, असा आमचा विचार होत आला आहे. डिझेल नको, कारण कधी बर्मिंगहॅम शहराच्या मध्यभागी जावे लागले तर युरो ६ या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या डिझेल गाडीला दिवसाला ८ पौंड भरावे लागतात. पेट्रोलला युरो ४ पुरते.

तिथली एक सोय मला फार आवडली. गाडीचा नंबर टाकला की तिच्या वार्षिक एम.ओ.टी. तपासणीचा सगळा इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क दिसतो. जाहिरातीत ‘उत्तम स्थितीत’ असे लिहिलेल्या एका गाडीचा नंबर मी सहज टाकून पाहिला, तर लागोपाठ दोन वर्षे मागच्या ब्रेकच्या पाइपला गंज असल्याची नोंद होती आणि तिसऱ्या वर्षी ती नापास झाली होती. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात त्याचा हा परिणाम असावा. अशा नोंदींपैकी कोणत्या दुर्लक्ष करण्याजोग्या आणि कोणत्या दिसताच गाडी सोडून द्यावी, हे अनुभवी मंडळींनी सांगितले तर फार उपकार होतील.

विम्याचे आकडे पाहून मात्र धास्ती वाटते. भारतीय लायसन्स लिहिताच एका ठिकाणी वर्षाला १,२०० पौंड आले आणि दुसऱ्या ठिकाणी १,९००. इथल्या विमा कंपनीकडून मिळालेले नो क्लेम बोनसचे पत्र तिथे कोणी मान्य केल्याचा अनुभव आहे का? हप्ता कमी करण्यासाठी मुख्य चालक म्हणून दुसऱ्याच कोणाचे नाव लावण्याचा सल्ला मला एकाने दिला, पण ती तिथे सरळ फसवणूक ठरते, तेव्हा तो मार्ग नको.

गाडी केवढी घ्यावी याविषयीही शंका आहे. पहिल्या उन्हाळ्यात माझी आई इंदूरहून दोन महिन्यांसाठी येणार आहे. मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत तिथे त्याला चाइल्ड सीटवर बसवावे लागते, म्हणजे मागे दोन सीट आणि मध्ये आई. काल सासूबाईंच्या शिवणाच्या टेपने आमच्या गाडीची मागची बैठक मोजली, ती दारापासून दारापर्यंत १२८ सेंटिमीटर भरली. ४४ सेंटिमीटरच्या दोन सीट ठेवल्यावर आईला ४० सेंटिमीटर उरतात, आणि पट्ट्याचे कुलूप तिच्या मांडीखाली जाते. गुडघ्यांच्या दुखण्यासह तिने असे तासभर बसावे हे मला पटत नाही. दोन चाइल्ड सीटच्या मध्ये मोठे माणूस नीट बसू शकेल अशी गाडी कोणी वापरली असल्यास तिचे नाव सांगावे.

आता इथल्या गाडीविषयी. सासरे ७१ वर्षांचे आहेत. दिवसा जवळपास गाडी चालवतात, रात्री नाही. ‘विकून टाका, आम्ही रिक्षाने फिरू’ असे ते म्हणतात, पण सासूबाईंच्या तपासण्या सुरू असताना मला ते योग्य वाटत नाही. माझी खरी काळजी पावसाळ्याची आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कमरेइतके पाणी होते. गाडी वाचली, कारण पतींनी आदल्या संध्याकाळीच ती फतेगंजच्या उड्डाणपुलावर नेऊन लावली होती. सकाळी गच्चीवरून पाहिले तर शेजाऱ्यांच्या तीन गाड्या खिडक्यांपर्यंत बुडालेल्या दिसत होत्या. पुन्हा तशी वेळ आली तर सासऱ्यांनी भर पावसात गाडी घेऊन बाहेर पडावे असे मला मुळीच वाटत नाही. नणंदेच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर पार्किंग आहे. जुलै ते सप्टेंबर गाडी तिथे ठेवून गरजेपुरता तासावर ड्रायव्हर बोलवावा, आणि विम्यात इंजिनाचे संरक्षण जोडून घ्यावे, असा बेत आहे. पाण्यातून निघालेली गाडी चुकूनही स्टार्ट करू नये, हे सासऱ्यांना कागदावर लिहून देणार आहे, कारण तशी केल्यास साधा विमा इंजिनाची भरपाई नाकारतो.

गाडी माझ्या नावावर आहे. आर.टी.ओ. आणि फास्टॅग या दोन्हीकडे माझाच मोबाइल नंबर नोंदलेला आहे, म्हणजे प्रत्येक ओटीपी मला इंग्लंडमध्ये येणार. जाण्यापूर्वी सासऱ्यांचा नंबर लावून घेणे पुरेसे आहे, की गाडीच त्यांच्या नावावर करावी? नावावर केली तर माझा ४५ टक्के नो क्लेम बोनस माझ्याकडेच राहतो आणि त्यांचा विमा शून्यापासून सुरू होतो, म्हणून तूर्त मी नंबर बदलण्याच्याच बाजूची आहे.

ता.क. काल कॉव्हेंट्रीतील एका सहकाऱ्याशी बोलताना कळलेली माहिती जोडते. तिथे जुन्या गाडीबरोबर रोड टॅक्स हस्तांतरित होत नाही. विकणाऱ्याला उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात, आणि घेणाऱ्याने विमा व टॅक्स दोन्ही भरल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणायची नसते. म्हणजे गाडी पसंत पडण्यापूर्वीच विम्याचे दर काढून ठेवायला हवेत. आमचे परतीचे विमान जूनअखेरीचे असेल. तिथे जुनी गाडी योग्य किमतीत विकायला किती आठवडे हाताशी ठेवावेत, हेही कृपया कोणी सांगावे.