दुधाच्या दातांची कीड : बेदाणा शेडवरच्या मुलांसाठी काय करता येईल?

अंगणवाडीताई, तासगाव तालुका

माझ्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षे वयाची पंचवीस मुले येतात. बहुतेकांच्या आया द्राक्षबागेत रोजंदारीवर जातात आणि हंगामात बेदाणा शेडवर निवडणीला बसतात. त्या दिवसांत अंगणवाडी सुटली की मूलही शेडवर असते. रडू नये म्हणून त्याच्या मुठीत बेदाणे दिले जातात आणि ती मूठ संध्याकाळपर्यंत रिकामी होत नाही. चार वर्षांच्या एका मुलीचे वरचे चारही पटाशीचे दात झिजून काळे खुंट उरले आहेत. खिचडी ती एकाच बाजूने चावत असे. गेल्या आठवड्यापासून तर घास गालात धरून नुसती बसून राहते. रात्री ठणका लागला की आजी तिच्या हिरडीवर मिश्री दाबते. आठवडी बाजारात दातातले किडे काढून देणाऱ्या एका बाईलाही त्यांनी पैसे दिले आणि कापसावरच्या अळ्या पाहून समाधानाने घरी आले.

पालकांचे उत्तर ठरलेले असते : "दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत. त्यांच्यावर खर्च कशाला?" या वाक्याला मी काय उत्तर द्यावे? आणि ज्या मुलांचे दात अजून चांगले आहेत ते तसेच राहावेत यासाठी, हाताशी पैसा नसताना, अंगणवाडीत काय करता येईल?

बालदंतवैद्य, कराड

ताई, आधी त्या मुलीविषयी. घास गालात धरून ठेवणे म्हणजे चावताना दुखते आहे, तेव्हा तिला याच आठवड्यात दाखवा. गालावर सूज किंवा ताप दिसला तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नका. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने ठणका काही वेळ बधिर होत असेल, पण कीड आत जायची थांबत नाही आणि एवढ्याशा मुलीच्या अंगात निकोटिन मात्र जाते. दातात अळ्या कधीच नसतात. त्या बाजारातल्या बाईच्या कापसातच असतात. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, एवढीच ती 'कीड'.

"पडणारच आहेत" हे पटाशीच्या दातांबाबत सहा-सात वर्षांपुरते खरे आहे. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, म्हणजे चार वर्षांच्या मुलाला पुढची सहा-आठ वर्षे त्यांच्यावरच जेवायचे असते. त्या लवकर काढाव्या लागल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा अडते. त्यातच सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. पालक तिला दुधाचीच समजतात, आणि माझ्याकडे आठ वर्षांची जी मुले येतात त्यांच्यापैकी कित्येकांची हीच दाढ पोखरलेली असते. मी आईला सांगतो की ही दाढ याच्या नातवंडांच्या लग्नातले लाडू खाईपर्यंत पुरवायची आहे. हे वाक्य बहुतेकांना पटते.

आता चांगल्या दातांविषयी. मुलाचे डोके मांडीवर घेऊन वरचा ओठ बोटाने उचला आणि हिरडीलगत पाहा. तिथे खडूसारखी पांढरट रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण समजा. खड्डा पडण्याआधीची ही अवस्था योग्य काळजीने मागे फिरते; रंग तपकिरी होऊन दात खचला की फिरत नाही. खालचे पुढचे दात जीभ आणि लाळ यांच्या आडोशाला असल्याने उशिरा किडतात, म्हणून तेवढेच पाहून निश्चिंत होऊ नका.

सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे फ्लोराइडची टूथपेस्ट. ट्यूबवर फ्लोराइडचे प्रमाण १००० पीपीएम लिहिलेले पाहून घ्या. मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही गोड, रंगीत पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसते, आणि राखुंडीने तर दात नुसते झिजतात. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. वाटाण्याएवढी म्हणजे साधारण पाव ग्रॅम, तेव्हा पंचवीस मुलांनी अंगणवाडीत रोज एकदा दात घासले तरी महिन्याला १०० ग्रॅमच्या दीड-दोन ट्यूब लागतील. पेस्ट तुम्ही स्वतः ताटलीत ठिपक्या-ठिपक्याने काढा, ट्यूबचे तोंड ब्रशला लावू नका आणि ब्रश एकमेकांना न चिकटता उभे ठेवा. घासल्यावर थुंकायला सांगा, खळखळून चूळ भरायला लावू नका. थोडा फ्लोराइड दातांवर राहिलेला हवा असतो. घरी रात्री झोपण्यापूर्वी मात्र मोठ्या माणसानेच घासून द्यायला हवे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला तेवढे वळण नसते.

बेदाणे पूर्ण बंद करा असे मी म्हणणार नाही. शेडवरच्या आईला ते शक्यही नाही. मूठभर बेदाणे जेवणासोबत एकदाच खाल्ले आणि वर पाणी प्यायले तर लाळ थोड्या वेळात आम्ल निवळवते. तीच मूठ सहा तास पुरवली तर दातांना सहा तास उसंत मिळत नाही. चहात बुडवलेली बिस्किटे आणि साखर घातलेल्या दुधाची रात्रीची बाटली यांचेही तेच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. २०१३ पासून चाललेल्या या कार्यक्रमाच्या तपासणीत दातांचे विकारही आहेत. त्या दिवशी पथकाला केवळ वजन-उंचीवर थांबू देऊ नका. ओठ उचलून दाखवा आणि संदर्भ चिठ्ठी, म्हणजे रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी, मागून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दंत महाविद्यालयांत बालदंतरोग विभाग वेगळा असतो. कवलापूरचे महाविद्यालय तर तुम्हाला सांगलीच्या वाटेवरच आहे. तिथे फ्लोराइड वार्निशविषयी, म्हणजे कीड रोखणाऱ्या फ्लोराइडच्या लेपाविषयी, विचारा. ते ब्रशने दातांवर लावायला दोन-चार मिनिटे लागतात आणि वर्षातून दोनदा लावले तरी चालते. ज्या दातांना खड्डे पडलेच आहेत त्यांच्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे, कीड आहे तिथेच थांबवणारे द्रव औषध आहे. ते २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. सुई नाही, मशीन नाही. फक्त किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हे आईला आधीच सांगावे लागते, नाहीतर औषधाने दात जळाला असे गावभर होते.

मिरजेची आई

डॉक्टरांनी लिहिले आहे ते सगळे खरे आहे, पण रोजंदारीच्या बाईला फीपेक्षा बुडालेला दिवस महाग पडतो. माझ्या मुलाची दुधाची दाढ किडली तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात "पडू द्या" एवढेच सांगून परत पाठवले. तीन महिन्यांनी गाल सुजला आणि मग मला चार खाडे करावे लागले. महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टर असतात, वेळ लागतो. मात्र सकाळी लवकर जाऊन "एकाच खेपेत जेवढे होईल तेवढे करा" असे सांगितले तर ते ऐकतात, हा माझा अनुभव आहे. ताईंनी तीन-चार आयांना एकत्र पाठवले तर मुले एकमेकांना पाहून कमी घाबरतील.

आशा स्वयंसेविका, जत तालुका

आमच्याकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यामुळे पथक येते तेव्हा मुले कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीवर, असतात. अशा मुलांची तपासणी ती जाण्याआधी करून घ्यावी, असे मी पथकाला दरवर्षी सांगते. एक शंका आहे. ऊस खाल्ल्याने दात साफ होतात असे आमच्याकडे सगळे म्हणतात, ते कितपत खरे आहे?

बालदंतवैद्य, कराड

चिपाडाने दातांवरचा थोडा मळ निघतो, पण रस हा साखरेचाच असतो. जेवणानंतर एक कांडे खायला हरकत नाही. दिवसभर चघळत राहिले तर ते बेदाण्यांसारखेच.

अंगणवाडीताई, तासगाव तालुका

त्या मुलीला काल तिच्या आईबरोबर दाखवून आणले. एक दाढ भरली आहे, पुढच्या दातांसाठी पुन्हा बोलावले आहे. आजीने मिश्रीचा डबा अजून टाकलेला नाही, पण नातीला लावणार नाही असे कबूल केले आहे. ब्रशसाठी सरपंचांनी आणि एका बागायतदाराने पैसे दिले. मुलांना वाचता येत नसल्याने प्रत्येक ब्रशला चित्र चिकटवले : आंबा, पोपट, बैल, द्राक्षाचा घड. वांगे कोणालाच नको होते, म्हणून तो ब्रश मी घेतला आहे आणि रोज त्यांच्याबरोबर मीही घासते.