मास्टर्सला जाताना नवरा आणि मुलं सोबत नेता येतील का? आधी एकटीने जावं की सगळ्यांनी एकदमच?

निशिगंध:
नमस्कार मंडळी, जरा लांबलंय, सांभाळून घ्या. मला मास्टर्सच्या दोन ऑफर्स आल्यात, एक यूकेची एक वर्षाची एमएससी आणि दुसरी ऑस्ट्रेलियाची दोन वर्षांची, दोन्ही कोर्सवर्कच्या, रिसर्चवाल्या नाहीत. घरी नवरा, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा अडीचचा. आमचा कल यूकेकडे होता कारण वर्षभरात आटपतं. नवरा म्हणतोय तू पुढे हो, मी दोन-तीन महिन्यांत मुलांना घेऊन मागून येतो. पण कन्सल्टंट सांगतोय फॉर्ममध्ये सध्या एकटीचंच दाखवा, नवरा-मुलं लिहिली की रिजेक्ट होतं, त्यांचं नंतर बघू. मला हे काही पटत नाहीये, पण तो रोज फायली करतो आणि मी पहिल्यांदाच, त्यामुळे ठामपणे बोलताही येत नाही. मुलगा अजून रात्री माझं बोट धरल्याशिवाय झोपत नाही, त्याला सोडून किती दिवस राहायचंय ते आधी कळायला हवं. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

सह्याद्री_७:
यूकेचं आधी सांगतो कारण तिथे प्रश्नच मिटतो. १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या साध्या कोर्सवर्क मास्टर्सवर डिपेंडंट, म्हणजे नवरा-बायको आणि मुलं, नेताच येत नाहीत. पीएचडी किंवा रिसर्च डिग्री असेल नाहीतर सरकारी स्कॉलरशिप असेल तरच. आणि वर्षभराचाच तर प्रश्न आहे असं वाटत असेल तर तसंही नाही ताई, कोर्सनंतर ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षण संपल्यावर तिथेच राहून काम करायच्या व्हिसावर, गेलात तरी जी माणसं आधीपासून तुमच्या स्टुडंट व्हिसावर डिपेंडंट होती तीच त्यावर राहू शकतात, नवीन कुणाला बोलावता येत नाही. म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसा देणारी आणि त्यावर कुटुंब आणू देणारी नोकरी मिळेपर्यंत ताटातूट. मधे व्हिजिटर म्हणून सहा महिन्यांपर्यंत येतील पण नवऱ्याला काम नाही आणि मुलीला सरकारी शाळा नाही.

मी पीएचडीवाला, बायको आणि मुलगा डिपेंडंट म्हणून आले. तेव्हा आमच्या हिशेबात माणशी महिन्याला लंडनमध्ये ८४५ पाउंड, लंडनबाहेर ६८० पाउंड, असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवायचे होते, आणि ते सलग २८ दिवस खात्यात हलता कामा नयेत. आमचं पंचविसाव्या दिवशी विम्याच्या हप्त्याचे पैसे खात्यातून आपोआप वळते झाले आणि बॅलन्स खाली गेला, अगदी थोडासाच, पण गेला. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. तोपर्यंत मी पोचलो होतो आणि मुलगा रोज फोनवर विचारायचा की आता किती दिवस, त्याला काय सांगणार. म्हणून जे पैसे दाखवायचे ते वेगळ्या खात्यात ठेवा, ज्याला एकही ऑटो डेबिट नाही.

मुक्ता_आई:
निशिगंध, तुझा कन्सल्टंट जे सांगतोय ते ऑस्ट्रेलियासाठी अजिबात करू नकोस. कृपा करून नको. तिथल्या स्टुडंट व्हिसाच्या, म्हणजे सबक्लास ५०० च्या अर्जात नवरा आणि मुलं, सोबत येणार असोत वा नसोत, जाहीर करावीच लागतात. अर्जाच्या वेळी असलेलं माणूस लपवलं तर नंतर त्याला तुझ्या व्हिसावर येणं अवघड होऊन बसतं, शिवाय खोटी माहिती दिली म्हणून तुझंच नाव खराब. त्याचं काय जातं, तो पुढची फाईल उघडेल.

बाकी तुझ्यासाठी ऑस्ट्रेलियात बऱ्याच गोष्टी सोयीच्या आहेत. तू मास्टर्सला म्हणून नवऱ्याला तासांची मर्यादा नाही, तुझा कोर्स सुरू झाला की तो फुल टाइम काम करू शकतो. तुला मात्र टर्म चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच. त्याला स्वतःला तीन महिन्यांपेक्षा जास्तीचा कोर्स करता येत नाही, हे त्याला आधीच सांग.

पैशांचा आकडा मोठा आहे, बसूनच वाच. १० मे २०२४ पासून वर्षाच्या राहण्याच्या खर्चाचे तुझे २९,७१० डॉलर, नवऱ्याचे १०,३९४, प्रत्येक मुलामागे ४,४४९ (सगळे ऑस्ट्रेलियन), आणि मुलगी शाळेच्या वयाची म्हणून तिच्या शाळेचे १३,५०२ वेगळे. बेरीज ६२,५०४, त्यात पहिल्या वर्षाची फी आणि तिकिटं धरलेली नाहीत. अर्ज टाकायच्या दिवशी आकडे पुन्हा तपास, हे बदलत असतात. हेल्थ कव्हर पण फॅमिलीचं घ्यावं लागतं, सिंगलपेक्षा बरंच महाग. सरकारी शाळेची फी प्रत्येक राज्यात वेगळी आहे म्हणून युनिव्हर्सिटी कुठल्या राज्यात आहे ते बघून मगच हिशेब कर.

खरा खड्डा आहे तो लहान मुलाचा. तिथे चाइल्डकेअरची सरकारी सबसिडी स्टुडंट व्हिसावाल्यांना सहसा मिळत नाही, ऑस्ट्रेलियन सरकारची स्कॉलरशिप असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही हे गृहीतच धरलं नव्हतं. पहिलं सेमिस्टर आम्ही दोघांनी शिफ्टमध्ये काढलं, मी सकाळी लेक्चरला, तो संध्याकाळी कामाला, आणि बसस्टॉपवर बाळाची गाडी एकमेकांच्या हातात द्यायचो. माझ्या बसला उशीर झाला की त्याची शिफ्ट चुकायची. एकटीने आधी जाऊन घर बघून ठेवणं म्हणूनच मला पटतं, चौघांनी बॅगा घेऊन उतरून भाड्याचं घर शोधणं फार वाईट अनुभव आहे.

शर्वरी१२:
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, मी सोबत गेलेली बायको. नवरा अमेरिकेत एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, मी आणि मुलगी एफ-२ वर, म्हणजे त्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर. तिथे आम्हा प्रत्येकीचा आय-२०, म्हणजे युनिव्हर्सिटी देते तो व्हिसासाठीचा कागद, वेगळा असतो, व्हिसाचा फॉर्म वेगळा, मुलीला शाळा मिळते पण मला काम करायला मनाई, पार्ट टाइम शिकता येतं तेवढंच. मी अकरा वर्षं नोकरी केलेली बाई, पहिल्या हिवाळ्यात फार खचले. म्हणून तुझ्या नवऱ्याला काम करता येणार हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. पण त्याच्याशी मोकळेपणाने बोल, त्याच्या फील्डमधलं काम लगेच मिळेलच असं नाही, तेव्हा काय करायचं ते दोघांनी निघायच्या आधी ठरवा.

मुलांबद्दल एक. माझ्या लेकीला इंग्रजी फार येत नव्हतं, तर मी पत्त्याच्या आकाराच्या कार्डांवर चित्रं काढून दिली होती, एकावर नळ, एकावर टॉयलेट, एकावर पोट दुखतंय. ती खिशात ठेवायची आणि टीचरला दाखवायची. दोन महिन्यांनी धुताना फ्रॉकच्या खिशात कार्डांचा लगदा सापडला, तिला विचारलं तर म्हणे आता नाही लागत.

आणि कागद! माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव, मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सासरचं, मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि एका ठिकाणी नुसतं आद्याक्षर. ॲफिडेव्हिट करून निस्तरलं पण तीन आठवडे गेले. विवाह नोंदणीचा दाखला, दोघा मुलांचे दाखले आणि चारही पासपोर्ट आज रात्रीच शेजारी शेजारी ठेवून एक एक अक्षर जुळव.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री नवरा आणि मी दोघांनी बसून वाचलं. यूके बाद. कागद काढले तर मुलाच्या दाखल्यावर माझ्या नावाचं स्पेलिंगच वेगळं निघालं, उद्याच त्याच्या मागे लागतेय. कन्सल्टंटला लेखी कळवलंय की चौघांची नावं जाहीर करूनच अर्ज जाईल, नाहीतर मी स्वतः भरेन. मुक्ता ताई, एकच विचारते, मी फेब्रुवारीत पोचले तर मुलं कधी आणू? आणि ती माझ्या मागून येणार म्हणजे माझी वेगळी संमती लागेल का?

मुक्ता_आई:
तिथे शाळेचं वर्ष जानेवारीच्या शेवटाला सुरू होतं आणि बहुतेक राज्यांत वर्षाच्या चार टर्म्स असतात, म्हणून एप्रिलच्या सुट्टीत आणलंस तर मुलगी दुसऱ्या टर्मला पहिल्या दिवसापासून बसेल, अर्ध्या टर्ममध्ये घुसण्यापेक्षा ते बरं. मागून येणाऱ्यांचा अर्ज वेगळा करावा लागतो, त्याला लागणारा वेळ धरून चाल, एप्रिल हवा असेल तर तू पोचल्यावर आरामात टाकू असं नको. संमतीसाठी फॉर्म १२२९ असतो, त्यावर तुझी सही करून नवऱ्याकडे पाठव, दोन्ही मुलांची.

आणि लसीकरणाची कार्डं हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये नको. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात लसींची नोंद त्यांच्या रजिस्टरमध्ये चढल्याशिवाय चाइल्डकेअरला प्रवेश मिळत नाही, आणि ती नोंद तिथला डॉक्टर नाहीतर नर्स कार्ड बघूनच करते. आमच्या कार्डावर एका लसीची तारीख पुसट झाली होती, शाईच उडालेली, तर तेवढी लस बाळाला पुन्हा टोचून घ्यावी लागली. तुझी कार्डं आत्ताच उजेडात धरून बघ.