‘बनवाबनवी’ आणि भाड्याची खोली

‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट केवळ पाठ झालेल्या संवादांवर टिकला आहे आणि आजच्या मुलांना त्यात काही गवसणार नाही, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. ‘सत्तर रुपये वारले’ हा त्यातला संवाद आमच्या घरी उधारीचा विषय निघाला की आजही ऐकू येते, हे खरे. पण १९८८च्या या चित्रपटाचा कणा भाड्याच्या घराची अडचण हा आहे, आणि तो हृषीकेश मुखर्जींच्या १९६६मधील ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटावरून आलेला आहे.

माझा भाचा गेल्या वर्षी ठाण्यात घोडबंदर रोडला दोन मित्रांसह घर शोधत होता, तेव्हा दलालाचा पहिला प्रश्न ‘फॅमिली की बॅचलर?’ हाच असे, आणि एका सोसायटीच्या फाटकावर तर ‘फक्त कुटुंबासाठी’ अशी पाटीच होती. त्या रात्री नौपाड्यात आमच्याकडे चित्रपट पाहताना भाड्याची खोली मिळावी म्हणून बायका बनलेले दोन मित्र, सुधा आणि पार्वती, साड्या नेसून घरमालकिणीसमोर उभे राहिले, तेव्हा एरवी मोबाईलमधून मान वर न काढणारा हा मुलगा आम्हा सर्वांच्या आधी हसला. (पार्वती झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांची पदर सावरण्याची ती धांदल मला मात्र संवादांहूनही सरस वाटते.)