मदत हवी आहे: बेरियम टाकूनही निवळीत रेडियम जातंय

सिंहभूम पट्ट्यातल्या युरेनियम खाणीचं पाणी, ताशी 100 घनमीटर, सल्फेट 900 मिग्रॅ/लिटर. रेडियम काढायला आधी बेरियम क्लोराइड 25 मिग्रॅ/लिटर, ढवळणीच्या टाकीत 30 मिनिटं. मग मँगनीजसाठी चुन्याने पीएच 10, कण जोडणारं पॉलिमर 1 मिग्रॅ/लिटर आणि क्लॅरिफायर (गाळ बसवायची टाकी).

निवळीत एकूण रेडियम-226 0.9 बेकरेल/लिटर, 0.45 मायक्रॉनमधून गाळलं की 0.08. म्हणजे रेडियम बेरियम सल्फेटला धरतंय, पण कण इतके बारीक की बसतच नाहीत. बीकर उजेडात धरला की दुधाळ झाक दिसते. थंडीत जास्तच.

बेरियम 50 केलं: विरघळलेलं रेडियम तेवढंच, झाक वाढली. पॉलिमर दुप्पट केल्यावर फ्लॉक (गाळाचे पुंजके) मोठे, झाक तशीच. जार टेस्टमध्ये (बीकरातल्या चाचणीत) फेरिक क्लोराइड 20 मिग्रॅने पाणी स्वच्छ होतं, पण गाळ फार वाढतो आणि टेलिंग पाँडचा (गाळ साठवायच्या तळ्याचा) पंप आधीच टेकीला आलाय. नवीन तळ्याला जागा नाही. वाळूचा फिल्टर बसेल.

क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ बेरियमच्या टाकीत फिरवून स्फटिक मोठे करायचा विचार आहे. पण त्यात चुना आणि मँगनीज हायड्रॉक्साइड आहे, त्याचा लेप बसून बीज (ज्यावर नवे स्फटिक वाढतात ते कण) निकामी होईल का? की चुन्याआधी वेगळा सेटलर लावून फक्त बेरियमचा गाळ फिरवावा, आणि किती टक्के?