५३व्या वर्षी ओपन माइक करावं का? लोक जोकला हसतात की माझ्या बोलण्याला?

अकोलेकरीण_डोंबिवलीत

नमस्कार मंडळी. मी मूळची अकोल्याची, २८ वर्षं शाळेत शिकवलं, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मुलगा इकडे नोकरीला म्हणून दोन वर्षं झाली डोंबिवलीत राहायला आले. बिल्डिंगमधे सगळे मला "गावाकडच्या काकू" म्हणतात. अहो, अकोल्याला महानगरपालिका आहे, गाव काय गाव. असो.

आल्या आल्या लिफ्टमधे एका बाईंना सहज विचारलं, "कुठं जाऊन राहिल्या?" तर त्या म्हणे, "जाऊन नाही हो, इथंच राहते, चौथ्या मजल्यावर." हा किस्सा मी हळदीकुंकवात सांगितला तर बायका हसून हसून बेजार, वाणाचं कुणाला सुचेना. तेव्हापासून कुठेही भेटल्या की "काकू, ते तुमचं वऱ्हाडी बोला ना". सुनेने कुठलासा ओपन माइकचा, म्हणजे कुणीही नाव देऊन स्टेजवर जोक सांगायचे त्याचा, व्हिडिओ दाखवला आणि म्हणाली, आई तुम्ही हे करू शकता. मनात भरलं खरं, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप येत नाही आणि एकच डोक्यात येतं, की लोक माझ्या जोकला हसतात की मला हसतात? या वयात हसं करून घ्यायची हौस नाही. कुणी केलं असेल तर सांगा.

माइकवाला_पोरगा

काकू (सॉरी, पण दुसरं काय म्हणू) बिनधास्त करा. मी तीन वर्षं करतोय, अजून घरी पैसे मागतो, ते वेगळं.

आधी कामाचं. बहुतेक ओपन माइकची नावनोंदणी इन्स्टावर नाहीतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते, काही ठिकाणी परफॉर्मरकडूनच पैसे घेतात, काही ठिकाणी सोबत दोन माणसं आणा म्हणतात, त्यामुळे आधी विचारून घ्या. चार-पाच मिनिटं मिळतात, शेवटच्या मिनिटाला लाइट मिळतो. समोर बसलेले निम्मे स्वतःच कॉमिक असतात आणि आपला सेट, म्हणजे सांगायचे जोक, मनात घोकत असतात, ते हसणार नाहीत, मनावर घेऊ नका. नवीन माणसाचं नाव मागे ढकलतात, साडेदहा वाजतात, अंधेरीला असेल तर मेट्रोने घाटकोपर आणि तिथून स्लो लोकल, हे गणित घरूनच करून निघा.

आता तुमचा प्रश्न. सोपी टेस्ट आहे, तोच जोक प्रमाण मराठीत सांगून बघा. हसले तर जोक आहे, नाही हसले तर ते नुसत्या हेलाला हसत होते.

उशिरा_सुटलेली_गाडी

वरच्या भावाची टेस्ट मला अजिबात पटली नाही. त्या लिफ्टच्या किश्शातलं "जाऊन राहिल्या" काढून "कुठे चाललात" घाला, मग उरलं काय? एक बाई लिफ्टमधे भेटली. भाषा हाच तिथे जोक आहे.

मी बँकेत होतो, मूळ मालवणचा, ४७व्या वर्षी पहिल्यांदा माइक धरला. २०१० मधे लंडनच्या कॉमेडी स्टोअरने लोअर परळला शाखा काढली तेव्हा बघायला गेलो होतो, सगळा मामला इंग्रजी, आपलं इथे काही काम नाही असं वाटून गप घरी आलो. पुढे भाडिपा या यूट्यूब चॅनेलवाल्यांनी मराठीत स्टँडअप चालू केलं तेव्हा डोक्यात पुन्हा किडा वळवळला. आणि बाहेरून आलेल्यांचं म्हणाल तर या धंद्यात तेच जास्त. जॉनी लिव्हर आंध्रच्या घरातले, वाढले धारावीत, हिंदुस्तान लिव्हरमधे कामाला असताना साहेबांच्या नकला केल्या म्हणून ते नाव पडलं. राजू श्रीवास्तव कानपूरहून आले. २००५ चा लाफ्टर चॅलेंज जिंकणारा सुनील पाल तर तुमच्याच विदर्भातला. भारत गणेशपुरे अमरावतीचे, टीव्हीवर वऱ्हाडीच बोलले, त्यांना कुणी सांगितलं का आधी प्रमाण मराठीत करून दाखवा? वयाचं विचाराल तर झरना गर्ग, जन्म मुंबईचा, अमेरिकेत गेली, वकिलीचं शिकून पुढे घर-मुलं सांभाळली आणि चाळिशी उलटल्यावर स्टँडअप चालू केलं. तिथे तिचा हेल इंडियन, आपला इथे मालवणी.

फरक माझ्या मते एवढाच, की गोष्टीत बावळट कोण ठरतंय. तुम्ही ठरलात तर ते तुम्हाला हसतात. चौथ्या मजल्यावरची बाई ठरली तर तुम्ही जिंकलात.

फुकटचा_सल्ला

नातवंडं सांभाळायच्या वयात हे काय नवीन. आमच्या सोसायटीत एक काका असेच सुरू झाले, आता मयतीला गेले तरी दोन किस्से सांगून येतात.

माइकवाला_पोरगा

@फुकटचा_सल्ला त्या काकांचा नंबर द्या, शनिवारी स्लॉट रिकामा आहे.

@उशिरा मान्य, टेस्ट मागे घेतो.

अकोलेकरीण_डोंबिवलीत

तीन आठवड्यांनी लिहून राहिली, माफी असावी. करून आली एकदाची.

नाव पुकारलं तेव्हा पाय लटपटत होते. पहिलं वाक्य "मी इथं काहून आली ते सांगते" आणि "काहून"लाच दोघं-तिघं हसले, जोक अजून सुरूच नाही. ते हसणं मले आवडलं नाही. लिफ्टचा किस्सा बरा गेला. मग पाण्याचं सांगितलं, की अकोल्यात पाच-सहा दिवसांनी नळ यायचा म्हणून मी इथंही रोज सगळे डबे-बादल्या भरून ठेवते, सून म्हणते "आई, उद्या पण पाणी येईल", मी म्हटलं बाई, हे वाक्य मी आजपर्यंत फक्त निवडणुकीत ऐकलं होतं. याला पूर्ण खोली हसली. तिथं "काहून"ही नव्हतं आन् "करून राहिली"ही नव्हतं.

पण मजा पुढंच आहे. माइकवाल्या पोरा, शेवटी लाइट मिळतो म्हणजे काय ते तू सांगितलंच नाही. मले वाटलं स्टेजवरचा मोठा दिवा लावतात. मी बोलून राहिली आन् मागून एक पोरगं मोबाइलची बॅटरी हलवून राहिलं. मले वाटलं म्हाताऱ्या बाईला पायरी दाखवते बिचारं. मी माइकवरूनच म्हटलं, "राहू दे बाळा, दिसते मले, मोतीबिंदू काढला आहे." अख्खी खोली कोसळली, ते पोरगंही खाली बसलं. मी तशीच आणखी दोन मिनिटं बोलली. मागाहून कळलं, बॅटरी म्हणजे वेळ संपत आली, आवरा.

@उशिरा, त्या वेळी बावळट मीच होती, तरी वाईट वाटलं नाही, हे तुमच्या हिशेबात कुठं बसते ते सांगा.

पुढच्या मंगळवारी परत नाव दिलं आहे. त्या पोराला सांगून ठेवलं, बॅटरी जरा लवकर दाखव.