पिऊन गाडी चालवणं: प्रश्नावलीत स्वभावावर भर द्यावा की मित्रमंडळींवर?

प्रश्न:
१८ ते २५ वयोगटासाठी प्रश्नावली बनवतोय. ३० प्रश्नांच्या पुढे जायचं नाहीये. स्वभावाला जास्त जागा द्यावी की मित्रांना? शिवाय 'पुढच्या महिन्यात पिऊन गाडी चालवायचा विचार आहे का?' याला चाचणी फेरीत जवळपास सगळ्यांनी 'नाही' लिहिलंय. काढून टाकू का?

उत्तर १:
काढू नका, बदला. ठरवून असं कोणी करत नाही. वेळ येते आणि किल्ली हातात घेतली जाते. गिबन्स आणि जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी इरादा (आधीच ठरवणं) आणि तयारी (वेळ आली तर करून बसणं) वेगळी धरली ती याचसाठी. प्रसंग द्या: 'रात्रीचा १ वाजलाय, तुमचे तीन पेग झालेत, गाडी बाहेर उभी आहे, दोन मित्र म्हणतायत चल, सोड आम्हाला.' खाली स्वतः चालवणं, दुसऱ्याला किल्ली देणं, टॅक्सी, तिथेच मुक्काम. प्रत्येकाची शक्यता १ ते ७.

मागच्या वर्तनासाठी 'कधी चालवलीय का' नको. 'गेल्या १२ महिन्यांत प्यायल्यावर दोन तासांच्या आत किती वेळा?' असं विचारा. प्यायलेल्याच्या मागे किंवा शेजारी किती वेळा बसलात, हेही हवंच. उत्तरांत शून्यं ढिगाने येतील, त्यामुळे साध्या सरासरीवर जाऊ नका. निगेटिव्ह बायनॉमिअल वापरा, म्हणजे 'किती वेळा' अशा विखुरलेल्या आकड्यांसाठीची सांख्यिकी पद्धत.

उत्तर २:
स्वभाव की मित्र, हा वाद मला फारसा पटत नाही. थराराची ओढ असलेला पोरगा तसेच मित्र शोधतो, म्हणजे स्वभावाचा बराचसा परिणाम मित्रांमार्फतच पोचतो. दोन्ही मोजा, पण 'बेफिकीर स्वभाव' असं एकच गाठोडं बांधू नका. थराराची ओढ वेगळी, भावनेच्या भरात उतावळेपणा करणं वेगळं. पहिल्यासाठी आठ प्रश्नांची तयार मोजपट्टी आहे.

मित्रांबद्दलही दोन वेगळे प्रश्न: ते स्वतः काय करतात, आणि तुम्ही चालवलीत तर त्यांना चालेल का. पहिल्याचं उत्तर बहुधा फुगवून येतं, कारण 'सगळेच करतात' हा समज सोयीचा असतो.

उत्तर ३:
'तेव्हा कितपत चढली होती?' या प्रश्नावर विसंबू नका. रक्तातलं दारूचं प्रमाण उतरायला लागलं की माणसाला आपण शुद्धीवर आलो असं वाटतं, पण प्रतिक्रिया मंदच असते. काय, किती आणि किती वेळात घेतलं ते विचारा.

सकाळही विसरू नका. रक्तातलं दारूचं प्रमाण उतरण्याचा वेग ढोबळमानाने तासाला ०.०१५ टक्के. रात्री १ वाजता ते ०.१२ टक्के असेल तर सकाळी ७ वाजता साधारण ०.०३ उरतं. जागतिक आरोग्य संघटनेने नवख्या व तरुण चालकांसाठी सुचवलेली मर्यादा ०.०२ आहे. कॉफी, आंघोळ यांनी हा वेग बदलत नाही.

प्रश्नकर्ता:
'न पिणारा चालक' ठरवला होता का, हा प्रश्न ठेवू का?

उत्तर २:
ठेवा, पण लगेच पुढे विचारा: कधी ठरवला, बसण्याआधी की उठताना? उठताना ठरवलेला बहुतेकदा 'न पिणारा' नसतो, 'सगळ्यात कमी प्यायलेला' असतो.